प्लास्टर नाही, फक्त बूट आणि व्हिडिओ कॉल: पावलाच्या फ्रॅक्चरला एवढं पुरतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की जतला घराच्या पायरीवर पाय मुरगळून आईंचं करंगळीमागचं हाड मोडलं, मिरजेच्या डॉक्टरांनी प्लास्टर न घालता पायाला आधार देणारा फ्रॅक्चरचा बूट दिला आणि पुढचं व्हिडिओ कॉलवर दाखवा म्हणाले. घरच्यांना वाटतंय, डॉक्टरांनी कटवलं. मी सांगलीत फिजिओ आहे, असे पाय नेहमी बघते. कटवलेलं नाही. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरी हॉस्पिटलात 2011 पासून हेच चालतं: तज्ज्ञ आधी एक्स-रे बघतात, साध्या फ्रॅक्चरवाल्याला फोनवर समजावतात, गरज असेल त्यालाच बोलावतात.

प्रश्न आहे तो हाड कुठं मोडलंय याचा. हाडाच्या अगदी बुडाचा, म्हणजे टाचेकडच्या टोकाचा, टवका निघाला असेल तर बुटात, सोसेल तेवढा भार देत चालायचं. साधारण सहा आठवड्यांत बरंच सुधारतं, थोडी सूज न् ठणका तीन महिनेही राहतो. तेच मोड जरा पुढं, बोटाच्या बाजूला असेल तर ते जोन्स फ्रॅक्चर. तिथं रक्तपुरवठा कमी, हाड जुळायला रेंगाळतं, कधी स्क्रू घालावा लागतो. दोन्हींत अंतर जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर, त्यामुळे यातलं कुठलं ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

ट्यूबलाइटसमोर फिल्म धरून काढलेला फोटो पाठवू नका, त्यात बारीक क्रॅक कुणालाच दिसत नाही. एक्स-रेवाल्याकडून सगळ्या बाजूंच्या मूळ इमेज मागून घ्या. कॉलवर दोन्ही पावलं शेजारी ठेवा, तळवाही दाखवा. तळव्यावर काळं-निळं असेल तर मधल्या सांध्याची इजा असू शकते. ती झोपवून काढलेल्या एक्स-रेत निसटते, उभं करून काढावा लागतो. मग कॉलची वाट न बघता मिरज गाठा.

आईंना शुगर आहे का? असेल आणि पावलं बधिर असतील तर माझं मत वेगळं: प्रत्यक्षच दाखवा. दुखत नाही म्हणून त्या मोडल्या पायावर खुशाल कामं करत राहतील. पोटरी सुजून दुखली किंवा धाप लागली, तर कुणालाही त्याच दिवशी दवाखाना.

बूट उंच असतो, दुसऱ्या पायात जाड तळाची चप्पल घाला, नाहीतर कंबर धरते. हाडवैद्याकडून चोळून घेणं नको, शेजारच्या काकूंनी कितीही गुण सांगितला तरी. आणि पुढं कधी एक्स-रे काढलाच आणि रेघ दिसली तर घाबरू नका. फिल्मवर ती रेघ कितीतरी महिने राहते; दाबून दुखत नसेल, चालता येत असेल, तर काळजी नको.