टॉप दहा निकालांसाठी हीप: आधी एवढंच कर

भावा, राजारामपुरीतल्या दुकानांच्या सर्चसाठी प्रायॉरिटी क्यू घेतलास, बरोबर केलंस. म्हणजे सगळ्यात कमी किंवा जास्त गुणांची नोंद आधी बाहेर देणारी रांग; ती सहसा हीप नावाच्या रचनेनं बनवतात. गुण म्हणजे नोंद शोधाशी किती जुळते त्याचा आकडा. दाखवायचे 10 निकाल, मग हजारो नोंदी सॉर्ट कशाला करायच्या?

मिन-हीप घे, ज्यात सगळ्यात लहान आकडा वर असतो; मोठा वर ठेवणारी मॅक्स-हीप नको. नवखे हमखास इथंच अडकतात. 10 जागांच्या हीपमध्ये सगळ्यात कमी गुणांचा निकाल वर बसतो. नवा त्याहून सरस असेल तरच वरचा काढून त्याला आत घ्यायचं.

- हीपची लिस्ट तशीच दाखवू नको, ती क्रमानं नसते. शेवटी ते 10 सॉर्ट कर.
- पायथनच्या हीपक्यू (heapq) या हीपसाठीच्या मॉड्यूलमध्ये गुण आणि डिक्शनरी (नोंदीची माहिती) अशी जोडी टाकलीस आणि दोन नोंदींचे गुण सारखे निघाले, की पायथन डिक्शनऱ्यांचीच तुलना करायला जातो आणि टाइपएरर ही चूक येते. दोन्हींच्या मधे प्रत्येक नोंदीचा वेगळा अनुक्रमांक घाल.

वेगाचं नंतर बघू. आज "चप्पल" शोध आणि आलेले गुण साध्या सॉर्टशी ताडून बघ.