देव रागावला असेल का हो, मॅडम?

हा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात असतो पण पहिल्या दिवशी कोणी विचारत नाही, झोप लागत नाही, बीपी वाढलंय असंच सांगतात. सदाशिव पेठेतल्या एक काकू (तपशील बदललेत) तिसऱ्या वेळी आल्या, पर्सची चेन उघडझाप करत बसल्या आणि मधेच म्हणाल्या, देव रागावतो का हो?

काका अकरा दिवस आयसीयूत होते. काकू रोज सारसबागेतल्या गणपतीला जायच्या, घरी अथर्वशीर्षाची आवर्तनं. काका गेले. त्या रात्री त्यांनी देव्हाऱ्यातला पितळी बाळकृष्ण काकांच्या पंचात गुंडाळून साड्यांच्या कपाटात ठेवला आणि त्याला म्हणाल्या, तुला सगळं आधीच ठाऊक होतं ना, मग मला पळवलंस कशाला? सुतकात पूजा बंदच असते म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही, नंतर मुलीनं विचारलं तर म्हणे पॉलिशला दिलाय. चार महिन्यांनी मुलगी स्कूटीवरून पडली, हात मोडला, आणि तेव्हापासून काकूंना रात्री दोनला जाग, की हे माझ्यामुळेच झालं.

आता मी काही कीर्तनकार नाही. पूर्वी मी "असं काही नसतं हो" म्हणून मोकळी व्हायचे आणि माणसं परत यायची नाहीत. म्हणून त्यांनाच विचारलं, तुम्हाला काय वाटतं? माहेर वारकऱ्यांचं, सगळं पाठ. म्हणाल्या, गीतेच्या नवव्या अध्यायात तर कृष्ण म्हणतो मला कोणी नावडता नाही नि आवडता नाही. मग थांबून म्हणाल्या, पण १२९६ साली आळंदीत माउली समाधीला निघाले तेव्हा नामदेवांनी लिहिलंय, एक हात निवृत्तिनाथांनी धरला, एक देवानं. काही वाटत नसेल तर हात कशाला धरेल?

आणि माहीत असण्याचं म्हणाल तर, काकूच पुढे म्हणाल्या, सातव्या अध्यायात तो म्हणतो झालेलं, चाललेलं, होणारं सगळं मी जाणतो. मी त्यांना ऋग्वेदातलं नासदीय सूक्त सांगितलं, दहाव्या मंडलातलं १२९वं, ज्याच्या शेवटी आहे की ही सृष्टी कुठून आली हे वरच्या अध्यक्षाला माहीत असेल, किंवा त्यालाही नसेल. काकू पहिल्यांदाच हसल्या. म्हणजे त्याचीही पंचाईतच की!

मग बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाल्या, हे गेले तेव्हा मी सारसबागेत होते. मला माहीत असतं तर गेलेच नसते.

मी एवढंच म्हटलं, तुम्हाला माहीत नव्हतं काकू.

नव्हतं माहीत, नव्हतंच, असं तीनचारदा म्हणाल्या आणि रडल्या. मुलीच्या अपघाताचा विषय त्यानंतर निघाला तेव्हा स्वतःच म्हणाल्या, तो खड्डा काय बाळकृष्णानं खणला होता?

पुढच्या वेळी आल्या तर सांगितलं, बाळकृष्ण देव्हाऱ्यात ठेवलाय. मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, अजून बोलत नाहीये मी त्याच्याशी, पंचा मला हवा होता म्हणून काढला.