शिक्षा जजने दिली, शिव्या ज्यूरीला का?

प्रश्न: वकीलसाहेब नमस्कार, माझा पुतण्या बरीच वर्षं अमेरिकेत आहे, तिथलाच नागरिक झालाय म्हणून त्याला ज्यूरीत बसायचं बोलावणं आलं. खुनाची केस होती. 12 जणांनी सगळं ऐकून ठरवलं की खून नाही पण सदोष मनुष्यवध आहे, आणि तसं दोषी धरलं. शिक्षा नंतर जजने दिली, ती लोकांना फारच कमी वाटली, आणि तेव्हापासून टीव्हीवर, फेसबुकवर ज्यूरी विकली गेली म्हणून बोंब चाललीय. पोरगं व्हिडिओ कॉलवर म्हणतं, काका मला विचारलं असतं तर मी जास्त दिली असती. आता एक पत्रकार मुलाखत मागतोय, द्यावी का? आणि आपल्याकडे ज्यूरी परत आणावी का, यावर इकडे पारावर दोन पार्ट्या पडल्यात.
- एक केळीवाला, सावदा

उत्तर: काय भो, प्रश्न तीन आणि पोस्टकार्ड एक! आधी पुतण्याचं बघू. अमेरिकेत दोषी आहे की नाही ते ज्यूरी ठरवते, पण किती वर्षं ते फेडरल कोर्टात आणि बहुतेक राज्यांत जजच ठरवतो (टेक्सासमधे आरोपीने मागितलं तर ज्यूरी शिक्षाही ठरवते, पण अशी राज्यं थोडी). उलट ज्यूरीला सहसा बजावलेलं असतं की शिक्षेचा विचार मनात आणू नका. आरोपीचे जुने गुन्हेसुद्धा बऱ्याचदा त्यांच्या कानावर येऊ देत नाहीत. जजकडे मात्र नंतर प्रोबेशन ऑफिसरचा रिपोर्ट येतो, त्यात घरची परिस्थिती, व्यसन, आधीचं रेकॉर्ड सगळं असतं, शिवाय मेलेल्याच्या घरचे येऊन बोलतात. म्हणजे तुमच्या पोराने जे ऐकलं ते वेगळं आणि जजने शिक्षा देताना जे ऐकलं ते वेगळं, आणि टीव्हीवाल्याने यातलं काहीच नाही ऐकलं, त्याने फक्त वर्षांचा आकडा पट्टीत फिरवला.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? दोषी ठरवल्यावर जज आरोपीला शिक्षेबाबत विचारतो, कायद्यातच आहे ते, आधी फौजदारी संहितेत कलम 235(2) होतं, आता तिच्या जागी आलेल्या नवीन बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) मधे 258(2). मी किती वेळा बघितलंय, आरोपी हात जोडून म्हणतो, साहेब म्हातारी आई आहे, पोरं लहान आहेत, त्याचा वकील पहिलाच गुन्हा आहे म्हणतो, सरकारी वकील जास्तीत जास्त द्या म्हणतो, आणि तोवर अर्धे पत्रकार बाहेर व्हरांड्यात फोनवर "दोषी ठरला" सांगायला निघून गेलेले. जळगावच्या घरकुल घोटाळ्याचंच घ्या, 2019 ला धुळ्याच्या विशेष कोर्टाने 48 जणांना दोषी धरलं, शिक्षा सगळ्यांना सारखी नव्हती, पण चहाच्या टपरीवर विषय एकच, एका आरोपीला झालेला 100 कोटींचा दंड. कोणाला किती आणि का, हे कोणी विचारलंय?

ज्यूरी परत आणायचं म्हणाल तर माझं मत नाही. 1959 च्या नानावटी खटल्यात (नौदलाचा अधिकारी नानावटी, आरोप बायकोच्या प्रियकराच्या खुनाचा) ब्लिट्झ साप्ताहिकाने त्याची अशी काही बाजू लावून धरली की मुंबईभर तो हिरोच झाला, ज्यूरीने 8 विरुद्ध 1 ने निर्दोष म्हटलं, सेशन्स जजला ते पटलं नाही, त्याने प्रकरण हायकोर्टात पाठवलं, तिथे जन्मठेप झाली आणि 1961 ला सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. तेव्हा एक साप्ताहिक होतं, आता प्रत्येकाच्या खिशात चॅनेल आहे! आधी जिल्ह्याच्या कोर्टात बऱ्याच ठिकाणी असेसर म्हणजे जजला मत देणारे साधे नागरिक बसायचे, त्यांचं मत जजवर बंधनकारक नसायचं, ते 1955 च्या दुरुस्तीत गेले, आणि 1973 च्या फौजदारी संहितेत ज्यूरीही राहिली नाही. एक मात्र कबूल, रोज जाऊन पूर्ण पुरावा ऐकायची सवय पारावरच्या दोन्ही पार्ट्यांना लागली तर बरंच होईल.

आता मुलाखत. केस संपल्यावर ज्यूरर सहसा बोलू शकतो, सक्ती कोणाचीच नाही. पण आधी कोर्टाचा काही मनाई हुकूम आहे का ते तिथल्या वकिलाकडून बघून घ्या. बोलायचंच असेल तर आपण स्वतः कोणत्या पुराव्यावरून काय ठरवलं तेवढंच बोलावं, बाकीच्या 11 जणांपैकी आत कोण काय म्हणालं ते नको. आणि "मी जास्त दिली असती" हे वाक्य तर चुकूनही नको, दुसऱ्या दिवशी हेडलाइन तीच होईल आणि शिव्या डबल.

प्रश्न: चोरीच्या पंचनाम्यावर मी पंच म्हणून सही केली होती, आता कोर्टाचं समन्स आलंय. शेजारचा पेपरवाला रोज विचारतो काय पाहिलं म्हणून.
- अमळनेर

उत्तर: साक्ष होईपर्यंत त्याला चहा पाजा, माहिती देऊ नका. समन्स आलंय तर जावंच लागतं, समोर जे झालं तेवढंच सांगा, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. जायचा-यायचा भत्ता मिळतो, त्याचं कोर्टातल्या क्लार्कला त्याच दिवशी विचारा, नंतर कोणी दाद देत नाही.