केस पेपरवरची ती एक ओळ

प्रिय डॉक्टरीणबाई,

पत्र मिळालं. त्या पंचेचाळिशीच्या बाईंचा चौथा हिवाळा खोकण्यात चाललाय, सकाळी उठल्या की बराच वेळ बेडके पडत राहतात, आणि केस पेपरवर तू लिहिलंस, ‘विडी-सिगारेट नाही.’ नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीही एवढंच लिहून पुढच्या पेशंटला हाक मारायचे. अशाच एका बाईंना मी तीन वर्षं दर थंडीत अँटिबायोटिक आणि खोकल्याची बाटली देत राहिले. एकदा लसीकरणाला त्यांच्या वस्तीवर गेले, तर त्या भाकरी थापत बसलेल्या. बिनखिडकीची खोली, चुलीत पऱ्हाट्या, पत्र्याला बोटभर काजळी. पाच मिनिटांत माझेच डोळे चुरचुरायला लागले. त्या बाराव्या वर्षापासून त्या चुलीपुढे होत्या.

तेव्हा आधी तो प्रश्न बदल. गॅस आहे का, असं विचारलंस तर सगळ्या ‘हो’ म्हणतील. २०१६ साली उज्ज्वला योजना आल्यापासून सिलिंडर बहुतेक घरांत दिसतो. त्याऐवजी विचार, शेवटची टाकी कधी भरली? आंघोळीचं पाणी कशावर तापतं? भाकरी कशावर? घरात विडी कोण ओढतं? मशेरी भाजता का? खरं उत्तर तिथं सापडतं.

जुनाट ब्राँकायटिसची, म्हणजे श्वासनळ्यांच्या जुन्या सुजेची, व्याख्या तुला पाठ आहेच: वर्षातले निदान ३ महिने, सलग २ वर्षं, कफ पडणारा खोकला, आणि दुसरं कारण नाही. आपल्याकडे सगळा जीव त्या शेवटच्या अटीत आहे. दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे आधी थुंकी क्षयासाठी तपासायला जायलाच हवी. रक्त पडलं, वजन उतरलं, बोटांची टोकं फुगीर दिसली, तर ‘जुनाट ब्राँकायटिस’ हा शब्द कागदावर येण्याआधी एक्स-रे झाला पाहिजे.

मग त्यांना आजार समजावून सांग, आणि त्यांच्याच भाषेत. मी अंगणाचं उदाहरण देते. श्वासनळीच्या आत बारीक केसांचा झाडू असतो, तो कचरा वर लोटतो. धुरानं तो झाडू झडतो, आणि धूर अडवायला नळी जास्त जास्त चिकटा सोडू लागते. झाडणारं कुणी नाही आणि चिखल वाढतोय, म्हणून सकाळी खोकून खोकून तो बाहेर काढावा लागतो. हे कळलं की खोकला दाबणारी बाटली का नको, ते बायका स्वतःच सांगतात.

जिल्ह्याला पाठवून स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मोजायची तपासणी, करून घे. पंपाचं औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदाला बाहेर पडणारी हवा एकूण फुंकरीच्या ०.७० पेक्षा कमी भरली, तर नळ्या अरुंद झाल्यात, म्हणजे सीओपीडी. आकडा चांगला आला तरी ‘काही नाही हो’ म्हणून घरी पाठवू नकोस. खोकला खरा आहे आणि धूर सुटला नाही तर पुढे दम लागू शकतो.

पंपाचं नाव काढलंस की सासू म्हणेल, ‘त्याची सवय लागते.’ वाद घालू नकोस. गोळीचं औषध सगळ्या अंगात फिरतं, पंपाचं थेट छातीत जातं आणि फार थोडं लागतं, एवढं पुरे. पण पंप लिहून देऊन मोकळी होऊ नकोस. माझ्याकडचे एक आजोबा दोन महिने श्वासातून ओढायच्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होते, आणि मी बसल्या बसल्या डोस वाढवत होते! दर खेपेला समोर ओढायला लाव. पंपाला स्पेसर, म्हणजे तोंड आणि पंपामधली पोकळ नळी, जोड, ओढल्यावर मनात दहा आकडे होईपर्यंत श्वास धरायला सांग, आणि पंपात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ.

थंडीत त्या अचानक बिघडतील. तीन गोष्टी बघ: दम वाढला का, बेडका वाढला का, त्याचा रंग पुवासारखा झाला का. रंग बदलला आणि जोडीला दुसरं काही वाढलं असेल तरच अँटिबायोटिक. स्टेरॉइडच्या गोळ्या लागल्या तर ५ दिवस, आणि त्या चिठ्ठीवर पुन्हा औषध देऊ नको म्हणून दुकानदाराला बजाव. सीओपीडीच्या पेशंटला ऑक्सिजन लावायची वेळ आली तर रक्तातलं त्याचं प्रमाण ८८ ते ९२ टक्क्यांतच ठेव. शंभरच्या हट्टापायी रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून माणूस गुंगीत जातो. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोकोकलची (न्यूमोनियाची) मिळाली तर तीही.

आता चूल. ‘चूल सोडा’ म्हणणं सोपं आहे. टाकीचे पैसे त्यांनाच मोजायचे असतात. मी सौदा करते. पाणी तापवायची चूल अंगणात न्या, ओलं सरपण नको, भाकरी होईस्तोवर दार उघडं, आणि खोकणारीनं फुंकणी हातात घ्यायची नाही. ही शेवटची अट नवऱ्यासमोर सांगायची. धूर यानं संपत नाही, कमी होतो. गॅसचा आग्रह दर भेटीत चालू ठेव.

थुंकीचा रिपोर्ट आला की कळव. आणि आशाताईंबरोबर एकदा त्यांच्या घरी जाऊन ये, संध्याकाळी, चूल पेटलेली असताना.

तुझी,
मॅडम