वाचकांचे प्रश्न : पेव्हरच्या अंगणात पोरं रमत नाहीत

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या अंगणात घसरगुंडी आणि दोन झोपाळे आहेत, खाली सगळीकडे पेव्हर ब्लॉक. तीन ते आठ वर्षांची पोरं दहा मिनिटांत कंटाळतात आणि वर येऊन मोबाइल मागतात. कुंपणालगत १० बाय १० फूट मोकळी माती आहे. तिथे आणखी खेळणी बसवावीत का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : खेळणी नकोत, वाळूचा हौद करा. घसरगुंडीवर करायचं ते एकच; वाळू, पाणी आणि चार काठक्यांचं रोज नवं काहीतरी होतं. हे १९७१ मध्ये ब्रिटिश कलाकार सायमन निकोल्सन यांनी 'सुटे भाग' या नावाने मांडलं, आपल्याकडच्या पोरांना ते बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर केव्हाच कळलं होतं!

दीड फूट खणा. तळाला अर्धा फूट खडी (अर्धा ब्रास; एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), वर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं, वाळू अडवणारं) कापड, त्यावर फूटभर वाळू, म्हणजे बरोबर एक ब्रास. तळाशी प्लास्टिक अंथरू नका, पाणी साचून वाळू कुजकट वास मारते. काठाला नऊ इंच रुंद कट्टा बांधा, आज्या तिथे बसतील आणि लक्षही राहील.

वाळू नदीची, धुतलेली, २ मिलिमीटरपेक्षा बारीक. मूठभर वाळू पेलाभर पाण्यात ढवळून पाहा. पाणी बराच वेळ गढूळ राहिलं तर तिच्यात माती आहे. अशी वाळू पावसानंतर वाळून दगडासारखी बसते. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, स्वस्त पडते, पण दाणे टोकदार आणि धूळ फार. ती घेऊ नका.

रात्री हौदावर जाळी ताणा. मांजरं वाळूत विष्ठा करतात, त्यातून जंत होतात. ताडपत्रीने आत दमटपणा राहतो, म्हणून जाळीच बरी. आठवड्यातून एकदा दाताळ्याने खालची वाळू वर आणा. जवळ एक नळ हवाच. कोरड्या वाळूचा किल्ला होत नाही. सोबत करवंट्या, तीन फुटी बांबू, पीव्हीसी पाइपचे तुकडे ठेवा. जुने टायर ठेवणार असाल तर त्यांना खालून भोकं पाडा, नाहीतर डेंग्यूचे डास होतील.

घसरगुंडीखालचे पेव्हर मात्र काढाच. ती दीड मीटरपर्यंत उंच असेल तर भोवती दीड मीटर जागेत ३० सेंटिमीटर वाळू भरा. झोपाळ्याला पुढेमागे याहून जास्त जागा लागते. सावलीला कडुनिंब किंवा करंज लावा. कण्हेर विषारी, तिथे नको.

प्रश्न : मुलीला सातव्या वर्षी चष्मा लागला. धाकट्याला संध्याकाळी क्लबहाउसमध्ये खेळवलं तर चालेल?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : व्यायाम होईल, डोळ्यांना फारसा फायदा नाही. लघुदृष्टी (लांबचं धूसर दिसणं) उशिरा यावी म्हणून उपयोगी पडतो तो बाहेरचा उजेड. घरात तो काहीशे लक्स (उजेडाचं माप) असतो, झाडाच्या सावलीतही सहसा काही हजार. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांसाठी रोज १२० मिनिटं बाहेर, असा कार्यक्रमच राबवला. नागपूरच्या उन्हाळ्यात ही दोन तासांची भरती सकाळी नऊच्या आत आणि साडेपाचनंतर, दोन हप्त्यांत करा. लागलेला नंबर मात्र याने उतरत नाही, तेव्हा मुलीची तपासणी चुकवू नका.