सोलापुरात गारा पडतात, त्याला इंग्रजीत हेल म्हणायचं की स्लीट?

हेल. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या जिल्ह्यातल्या द्राक्षबागा झोडपल्या, ते हेलच. उंच वाढलेल्या ढगात वर चढणारा वारा थेंबांना गोठणाऱ्या थरात उचलून धरतो, त्यांच्यावर बर्फ चढत जातो आणि वाऱ्याला वजन पेलेनासं झालं की गार खाली येते. मोठी गार फोडून बघा, आत बहुतेक वेळा कांद्यासारखे पापुद्रे दिसतात.

स्लीटला जमिनीलगतची हवाही शून्य अंशाच्या आसपास लागते. अमेरिकेत पडता पडता गोठलेल्या थेंबांना स्लीट म्हणतात, ब्रिटनमध्ये पाऊस-बर्फाच्या मिश्रणाला. आपल्याकडे एप्रिलच्या चाळीस अंशात ते शक्यच नाही.

वळवाच्या कडकडाटी पावसाला थंडरस्टॉर्म म्हणा. भुरभुर असेल, थेंब अर्ध्या मिलिमीटरहून बारीक, तर ड्रिझल.