लातूरात राहून पीएचडी करतोय, एज्युकेशनल सायकॉलॉजीचे पैसे न भरता वाचता आणि छापता येणारे जर्नल कुठं शोधू?

सरळ डीओएजेवर शोधा. ही ओपन ॲक्सेस जर्नलची डिरेक्टरी २००३ पासून चालू आहे, सर्चमध्ये विषय टाकायचा अन् बाजूच्या फिल्टरमधी 'विदाउट फीज' वर टिक करायची, म्हणजे लेखकाकडून पैसे न घेणारेच जर्नल उरतात, उदाहरणार्थ फ्रंटलाइन लर्निंग रिसर्च. कारण ओपन ॲक्सेस म्हणजे वाचायला फुकट एवढंच, छापायला फुकट असेलच असं नाही, फ्रंटियर्स इन सायकॉलॉजी कुणालाही वाचता येतं पण छापायची फी आपल्या खिशाला झेपणारी नाही. मी नांदेडला पीएचडी करताना पेपर याच रस्त्यानं शोधले. व्हॉट्सअपवर 'आठ दिवसात पेपर छापून देतो, एवढे पाठवा' म्हणणारे येतेत, त्यांच्या नादी लागूच नका. जुने प्रबंध शोधगंगावर, म्हणजे भारतातल्या विद्यापीठांच्या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात बघा, प्रश्नावली कशी बनवली, सॅम्पल कसा घेतला हे पेपरपेक्षा तिथं जास्त सविस्तर सापडतं. फक्त एक, डीओएजेत नाव आहे म्हणून विद्यापीठ धरंलच असं नाही, यूजीसीनं केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नलची यादी, २०२५ मधी बंद केलीय, त्यामुळं आता काय चालतं ते पेपर पाठवायच्या आधी गाईडला विचारा.